‘फ्लाय-इन’ मासेमारीला जाताय? आधी मशीन शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातल्या ‘फ्लाय-इन’ कॅम्पवर मासेमारीला कसे जायचे, अशी चौकशी करणारे ठाणे-नवी मुंबईत आता भेटू लागले आहेत. मुलगा किंवा मुलगी टोरांटो-विनिपेगला स्थायिक, खाडीत गळ टाकायची आवड जुनी, आणि जाहिरातीत पाण्यावर उतरणाऱ्या फ्लोटप्लेनसमोर हातभर मासा धरून उभा असलेला माणूस. एवढ्यावर बुकिंग होते. या सहलींत गाइड नसतो, हे मात्र बारीक अक्षरात असते. विमान तुम्हाला तळ्याकाठच्या केबिनपाशी उतरवते आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येते. मधल्या काळात रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. बोट चालवणे, मासा शोधणे, गळ सोडवणे, मासा कापणे, शिजवणे आणि बिघडलेले दुरुस्त करणे ही सगळी कामे तुमचीच.

सहल सुंदर आहे आणि आपल्याकडच्या खाडीच्या माणसाला नक्की जमण्यासारखी आहे. पण चौघांच्या गटात निदान दोघांना आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले मशीन चालवता आणि किरकोळ बिघाड काढता येत नसेल, तर पैसे भरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरुवात वजनापासून करू. उत्तर ऑंटारिओत रेड लेक, सू लुकआउट, नाकिना अशा गावांतून ही विमाने सुटतात. १९४७ साली पहिल्यांदा उडालेले डी हॅविलंड बीव्हर आणि १९५१ चे त्याहून मोठे ऑटर ही विमाने तिथे अजून रोज कामावर आहेत. बीव्हरमध्ये चार माणसे आणि त्यांचे सामान चढले की जागाही संपते आणि वजनही. त्यामुळे माणशी सामानाला मर्यादा असते. अनेक ठिकाणी ती ८० ते १०० पौंड, म्हणजे ३६ ते ४५ किलो असते आणि शिधा, कपडे, मासेमारीचे सामान सगळे त्यातच धरायचे. जास्त भरले तर जादा फेरीचे पैसे द्या, नाहीतर सामान धक्क्यावर ठेवा. चाकांच्या कडक सुटकेस विमानाच्या पोटात नीट बसत नाहीत. १२ ते १५ किलोच्या मऊ डफल बॅगा करा. रॉड दोन तुकड्यांचे घ्या आणि कडक नळीत घाला. गळ, पकडी, सुऱ्या मुंबईहून निघतानाच चेक-इन सामानात टाका. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

चौघांना सात दिवसांसाठी तांदूळ ३ किलो, कणीक ४ किलो, डाळ दीड किलो, पोहे १ किलो, कांदे ३ किलो, बटाटे ४ किलो आणि तेल ३ लिटर पुरते. चहा, साखर, दूध पावडर, मीठ-मसाला धरून हे सगळे २२ किलोच्या आसपास जाते. यावर दोन दिवसांचा डाळ-तांदूळ जादा ठेवायचाच. ही विमाने वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर उडतात. धुके, खाली उतरलेले ढग, वादळ किंवा वणव्याचा धूर असेल तर ठरल्या दिवशी विमान येत नाही, आणि त्याबद्दल कुणाशी भांडून उपयोगही नसतो. म्हणून मुंबईचे परतीचे तिकीट कॅम्प संपण्याच्या दिवसाला लागून काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. तांदूळ-कणीक तिकडच्या भारतीय दुकानात मिळते. इथून फक्त मसाले न्या आणि विमानतळावर कस्टमला ते सांगा. ‘मासे मिळतीलच’ या हिशेबाने शिधा कमी करणे ही नेहमीची चूक आहे. तीन दिवस वारा सुटला तर बोट बाहेर काढता येत नाही.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ऑंटारिओत परदेशी माणसाला आउटडोअर्स कार्ड आणि त्यावर मासेमारीचा परवाना काढावा लागतो. परवान्याचे दोन प्रकार आहेत, ‘स्पोर्ट’ आणि स्वस्तातला ‘कॉन्झर्व्हेशन’. वॉलआय या तिथल्या सगळ्यात चवदार माशाची मर्यादा वायव्य ऑंटारिओच्या बऱ्याच भागात स्पोर्टवर चार आणि कॉन्झर्व्हेशनवर दोन आहे, आणि त्यातला एकच ४६ सेंटिमीटरहून मोठा चालतो. दुपारी काठावर तळून खाल्लेला मासाही त्या दिवसाच्या मोजणीत धरला जातो. भागाभागात नियम बदलतात, तेव्हा आपले तळे कोणत्या विभागात येते ते आधी विचारून त्या विभागाचे पान छापून न्या. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात तर उलट्या काट्याचा गळ सगळीकडेच बंद आहे. पकडीने काटा दाबून सपाट केला की काम भागते, आणि ऑंटारिओतही तसेच करावे असे आम्ही सांगू. जिवंत आमिष बाहेरून नेता येत नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, नेमका तोच तिथला भर हंगाम.

आता मशीन. बहुतेक कॅम्पवर १४ ते १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट आणि ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड असते. चालू करण्याचा क्रम ठरलेला आहे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. नळीतला रबरी फुगा, बाण मशीनकडे धरून, कडक होईपर्यंत दाबा. गिअर न्यूट्रलला, मशीन बंद करणाऱ्या किल-स्विचची लाल दोरी मनगटाला. चोक बाहेर, थ्रॉटल ‘स्टार्ट’च्या खुणेवर. दोरी आधी सावकाश ओढायची, अडली की मग एक जोरदार हिसका. मशीन धरले की चोक आत ढकलायचा आणि लगेच मागे वाकून बघायचे, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे ना.

बिघाडही बहुधा ठरलेलेच असतात. पाच-दहा मिनिटे चालून मशीन बंद पडले आणि फुगा चपटा झालेला दिसला, तर हवेचा स्क्रू बंद राहिला आहे. अशा वेळी लोक उगाच दोरी ओढून खांदे दुखवून घेतात. पेट्रोलचा वास येतो पण मशीन धरत नाही, म्हणजे जास्त पेट्रोल आत गेले. चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सहा-आठ वेळा ओढा. तरी नाही धरले तर प्लग काढून कोरडा करा. पाण्याची धार थांबली तर त्या क्षणी मशीन बंद करा. खालच्या जाळीवर शेवाळ किंवा गवत अडकलेले असते, किंवा धारेच्या छिद्रात कचरा; तो बारीक तारेने निघतो. तसेच रेटले तर मशीन जळते. मशीन गरगरते पण बोट पुढे सरकत नाही, म्हणजे पंखा दगडाला लागून जुन्या मशीनची शिअर पिन (पंखा धरून ठेवणारी खिळ) तुटली. पिन आणि तिच्या मागची कॉटर पिन बदलली की पाच मिनिटांत बोट चालू. पण ती पिन तुमच्या खिशात हवी. जुने टू-स्ट्रोक असेल तर ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे २० लिटर पेट्रोलला ४०० मिली ऑइल मिसळावे लागते. साधे पेट्रोल घातले की मशीन जाम होते आणि मग उरलेले दिवस वल्ही. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा प्रश्न म्हणूनच बुकिंगच्या वेळीच विचारायचा.

एक प्लग, प्लगचा पाना, दोन शिअर पिन, पक्कड, इन्सुलेशन टेप आणि हातभर तार, एवढे अर्ध्या किलोत बसते. कॅम्पवर सोडायला आलेल्या माणसाकडून विमान उडण्याआधी प्रत्येक मशीन आपल्यासमोर चालू करून घ्या. भाड्याच्या बोटीसाठी सुरक्षेची चेकलिस्ट भरून सही करायची असते. त्या वेळी बुडालेले खडक कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून घ्या. खाडीच्या माणसाला गाळाची सवय असते. तिथे पाण्याखाली हातभरावर ग्रॅनाइट असतो आणि भरती-ओहोटी नसल्याने तो कधी उघडा पडून दिसत नाही.

हे सगळे इथे शिकता येते. दिवाळे गावात किंवा चेंदणी कोळीवाड्यात ज्या दादांच्या होडीला बाहेरचे मशीन आहे, त्यांना पेट्रोलचे आणि त्यांच्या वेळेचे पैसे देऊन दोन सकाळी मागाव्यात. सुरुवात, प्लग, पिन, वल्ही, नांगर एवढे हाताखालून गेले की पुरे. रॉड फेकण्याचा सराव मोकळ्या मैदानात, गळ न लावता, ७ ग्रॅमचे शिसे बांधून करा. त्यासाठी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत शिरू नका. ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

मे-जूनमध्ये तळ्यावरचे बर्फ नुकतेच वितळलेले असते. तिकडे शिकवला जाणारा १-१०-१ चा नियम पाठ करावा. थंडगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण १ तास. पोहता येते म्हणून वाचू, हा भ्रम आहे. पहिल्या मिनिटातच नाकातोंडात पाणी जाते, म्हणून लाइफजॅकेट बाकाखाली नको, अंगात हवे. सकाळी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जा, म्हणजे दुपारी वारा वाढला तरी परतताना तो पाठीशी राहील.

मासा शोधणे तुलनेने सोपे आहे. वॉलआयसाठी ३.५ ते ७ ग्रॅमचे जिग (डोक्याला वजन असलेला गळ), त्यावर रबरी शेपटी आणि ८ पौंडाची लाइन. सुरुवातीच्या दिवसांत जिथे ओढा तळ्यात उतरतो तिथे पाच-दहा फुटांवर, जुलैनंतर पंधरा-पंचवीस फुटांवर. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर ओढलेल्या वॉलआयची पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो बहुधा जगत नाही. सोडायचाच असेल तर तेवढ्या खोलीवर गळ टाकू नका.

पाइक हा लांबट, दातेरी मासा वेगळाच मामला आहे. त्याच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. ३० ते ५० पौंडाची वेणीची लाइन आणि पुढे ९ ते १२ इंचांचा तारेचा लीडर लागतोच. खरी अडचण मासा बोटीजवळ आल्यावर सुरू होते. तो शांत दिसतो, माणूस हात घालतो, मासा वळतो आणि तिहेरी गळाचा मोकळा काटा बोटात जातो. म्हणून तिहेरी गळ काढून तिथे एकेरी लावून घ्या. मासा पाण्यातच ठेवायचा. डाव्या हाताची बोटे कल्ल्यांच्या झाकणाखालून जबड्याच्या हाडाकडे सरकवायची, लाल कल्ल्यांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. उजव्या हातात लांब नाकाची, निदान दहा इंची पक्कड. गळ खोल गेला असेल तर ओढत बसू नका. वायर कापायच्या कटरने काटा तोडा, मासा वाचतो. माणसाच्या बोटात गळ घुसला तरी कटरच कामी येतो: टोक पुढे बाहेर काढून काटा तोडायचा आणि उरलेला मागे ओढायचा. डोळ्याजवळ असेल तर हात लावू नका, मदत मागवा. धनुर्वाताचे इंजेक्शन निघण्याआधी घ्या. पाइक खायचा असेल तर त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात. पाला मासा निवडून खाणाऱ्याला ते जड जाणार नाहीत.

माशाची घाण केबिनजवळ टाकली की रात्री काळे अस्वल येते. टाकण्याची जागा कॅम्पवाल्याला विचारून घ्या, तळलेल्या तव्यासकट सगळे आत ठेवा. अस्वलाला पळवायचा स्प्रे नेहमीच्या प्रवासी कंपन्यांच्या विमानात चालत नाही. तो तिथल्या गावात विकत घ्या आणि फ्लोटप्लेनच्या वैमानिकाला सांगून द्या, तो प्रवाशांपासून दूर ठेवतो. तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी खळखळ उकळी एक मिनिट टिकू द्या. जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या जंतूने आख्खी सहल शौचालयात जाते. ब्लॅकफ्लाय ही बारीक माशी मेअखेर ते जूनअखेर फार छळते. फिकट रंगाचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट आणि डोक्यावर जाळी न्या. डीट हे कीटकरोधक असलेले मलम लावले तर हात धुऊन मगच रबरी आमिषाला हात लावा, ते विरघळते.

शेवटचा मुद्दा इथल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. मदत मागवायला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर हवाच, पण तो कॅनडात भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. परवानगीशिवाय इरिडियम, थुराया या उपग्रह सेवांवर चालणारी साधने भारतात जवळ बाळगणे गुन्हा आहे आणि अशा साधनासह विमानतळावर प्रवाशांना अटक झालेली आहे. छोटी मेसेंजर यंत्रेही यात येतात. प्रवास विमा घेताना हवाई रुग्णवाहिकेचा खर्च त्यात लिहिलेला आहे का, ते कलम स्वतः वाचा.

ठाणे-नवी मुंबईत या सहली विकणाऱ्यांनी पाच गोष्टी लेखी द्याव्यात, अशी आमची मागणी आहे: मशीन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, सुटे भाग कॅम्पवर आहेत का, माणशी वजनाची मर्यादा किती, विमान अडले तर जादा दिवसांचे पैसे कोण भरणार आणि संपर्काचे साधन कोण देणार. ज्यांना ही उत्तरे देता येत नाहीत, त्यांच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील गळाने मासेमारी करणारे काही वाचक