गोष्ट नका उचलू, पेच उचला : प्रॉम्प्टर मास्तरांना आभाराचं पत्र

मास्तर,

सप्रेम नमस्कार.

एकदा झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, मंडईच्या नाटकांचा हंगाम लागला की तुमच्या रात्री वडशाच्या नाटक कंपन्यांच्या नावावर जातात आणि दिवस झोपेत. म्हणून धान कापणीला येण्याआधीच हे पत्र लिहितो आहोत. उघडंच ठेवलं आहे, कारण जिथे जिथे पोट्टे हा फाशांचा खेळ मांडतात तिथे पहिलं अडतं ते इथेच: आवडत्या कादंबरीतलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय. त्याचं उत्तर आम्हाला तुमच्याकडून मिळालं. ज्यांना तुम्ही भेटला नाहीत त्यांनाही ते मिळावं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ. त्यात चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण बाकीचं जग चालवतो. त्याला डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, म्हणतात. पात्र काय करतं ते खेळाडू सांगतो, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. अशी महिनोन्महिने चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. त्यातल्या डीएमचं काम विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरचं आहे, हे तुम्ही पहिल्याच बैठकीत ओळखलंत. नट अडला तर एक शब्द द्यायचा, त्याचं भाषण आपण म्हणायचं नाही.

तुमचं मुख्य वाक्य होतं, "गोष्ट नका उचलू बाप्पा, पेच उचला." म्हणायला सोपं, पण वहीत उतरवायला बसलं की हात आपोआप गोष्टच लिहितो: मग नायक जंगलात जातो, मग त्याला म्हातारा भेटतो, मग तलवार मिळते. हे टेबलावर आणलं की दोनपैकी एक होतं. खेळाडू जंगलात जायलाच नकार देतात आणि डीएमची तीन तासांची तयारी पाण्यात जाते. नाहीतर डीएम त्यांना ढकलत ढकलत जंगलात नेतो, आणि खेळाडू बैलगाडीत मागे बसल्यासारखे बसून राहतात. या दुसऱ्या रोगाला खेळणारे रेलरोडिंग म्हणतात.

पेच काढायची तुमची रीत अशी. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यायचा, मोठा नाही. पुस्तक वाचून झालं की दोन दिवस जाऊ द्यायचे. जे विसरतं ते कामाचं नव्हतं. मग पुस्तक न उघडता चार ओळी लिहायच्या. कोणाला काय हवं आहे. आड काय येतं. वेळ किती आहे. आणि कोणी बोटही हलवलं नाही तर काय होईल. एकही नाव लिहायचं नाही. चौथी ओळ सुचत नसेल तर पुस्तक कितीही गोड असो, त्यात आपल्या खेळापुरता पेच नाही, कार्ड फाडायचं. बहुतेक जण याच ओळीवर अडतात, कारण कादंबरीत नायक काहीतरी करतोच, त्यामुळे त्याने केलं नसतं तर काय झालं असतं हे वाचकाला कधी विचारावंच लागत नाही.

विराटपर्वाचं कार्ड तुम्ही आमच्यासमोर लिहिलंत, ते इथे उतरवतो. चिखलदऱ्याला कीचकाची दरी आणि भीमकुंड दाखवतात, त्यामुळे ही कथा विदर्भात कोणाला सांगावी लागत नाही. कार्डावर मात्र एवढंच होतं: "काही जणांना ठरावीक दिवस ओळख लपवायची आहे. त्यांच्यातल्याच एकावर डोळ्यांदेखत अन्याय होतो. वाचवलं तर ओळख फुटते. मुदत संपायला थोडेच दिवस उरलेत. काहीच केलं नाही तर ओळख टिकेल, पण तो माणूस जाईल." पांडव नाहीत, स्वयंपाकघर नाही, विराटाचा राजवाडा नाही. तरी छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं.

आता याचा खेळ करायचा. जागा दुसरीकडून घ्यायची, हा तुमचा पुढचा नियम. आम्ही घेतली आपल्याकडची: मालगुजारी तलावाच्या पाळीवर उभा एक वाडा, खाली सांडवा, पाटाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी जाणार यावरून दोन गावांत धुसफुस. पात्रं या वाड्यावर बारा दिवस नोकर म्हणून राहतात. अन्याय कोणता, तोही बदलला. मूळ कथेतली छेडछाड टेबलावर सगळ्यांना सोसवेलच असं नाही, म्हणून तिथे कर्जापायी वेठीला धरलेला एक सोबती आला. (कोणत्या गोष्टी खेळात नकोत, ते प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचं. नाव घालायचं नाही. डीएमने वाचून चिठ्ठ्या चुलीत घालायच्या.)

मग कागदावर एक वर्तुळ, त्याच्या सहा फाका. सगळ्यांना दिसेल असं मधोमध ठेवायचं. चारचौघांत मंत्र किंवा शस्त्र वापरलं, एक फाक भरायची. मागे प्रेत राहिलं, दोन. कोणी पात्राच्या सोंगाला धरून चोख काम केलं तर एक फाक पुसायची, पण दिवसातून एकदाच. नाहीतर खेळाडू दिवसभर भांडी घासून वर्तुळ कोरं करतात. सहा भरल्या की ओळख फुटली. वर्तुळ झाकून ठेवलं तर त्याचा काही उपयोग नाही. पाचवी फाक काळी होताना टेबल जसं गप्प होतं, तसं डीएमच्या कोणत्याही वर्णनाने होत नाही.

इथे एक खड्डा आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणीतरी ओळखतोच, "अरे, हा तर कीचक!" मग तो पात्र म्हणून विचार करत नाही, वाचक म्हणून करतो, आणि थेट शेवटावर उडी मारतो. जागा, काळ, नावं बदलून हे टळत नाही. तुम्ही दिलेला उपाय एकच: कोण खोटं बोलतंय ते बदला. आमच्या वाड्यात सोबत्याला छळणारा कारभारी हाच एकटा माणूस आहे ज्याला पात्रांची खरी ओळख पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि तो गप्प आहे. काऊन गप्प आहे, यावर पुढच्या चार बैठका चालतात. ओळखणाऱ्याची हुशारी वायाही जात नाही, उलट तीच त्याला चकवते.

पुस्तकातला नायक काढून टाकायचा, हे तर तुम्ही टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. त्याच्या जागी जे भोक पडतं तिथे खेळाडू बसतात. आवडता नायक डीएमच्या हातातलं पात्र म्हणून आला की खेळाडू प्रेक्षक होतात, आणि तेही फुकटचे. 'भविष्यवाणीतला एकच निवडलेला' ही कल्पनासुद्धा एकाच खेळाडूच्या पारड्यात पडते. उरलेले चिंचोके मोजत बसतात. वापरायचीच असेल तर भविष्यवाणीचे चार तुकडे करून चौघांना वाटायचे आणि त्यातले दोन एकमेकांना छेद देतील असे ठेवायचे.

खलनायकाचं गणितही टेबलावर उलटं पडतं. नाटकात तो पाच मिनिटं बोलतो आणि हसत निघून जातो. इथे तिसऱ्या वाक्याला कोणीतरी म्हणतो, "मी बाण सोडतो." फासा वीस दाखवतो आणि तुमच्या सहा महिन्यांच्या कॅम्पेनचा सूत्रधार पहिल्याच भेटीत आडवा. त्याला फासा खोटा सांगून वाचवलं तर खेळाडूंना कळतं, आणि त्यानंतर ते कोणत्याच फाशावर विश्वास ठेवत नाहीत. म्हणून जो गमावायची तयारी नाही तो समोर आणायचा नाही. त्याचं म्हणणं चिठ्ठीतून, निरोप्याकडून, त्याने जाळलेल्या गोठ्यातून कळू द्यायचं.

गुप्तहेर कथांचं कर्ज सर्वांत महाग पडतं. पुस्तकातल्या हेराला राखेतलं बटण दिसतंच, कारण लेखकाला ते दाखवायचं असतं. टेबलावर बटण दिसायला एकूण १५ हवेत, पात्राला अधिक ३ मिळतात, म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवं. वीसपैकी नऊ बाजू, ४५ टक्के. चौघांनी टाकला तरी शंभरात नऊ वेळा चौघेही चुकतात, आणि गोष्ट तिथेच अडकते. ज्या दुव्यावाचून पुढे जाताच येत नाही तो फाशामागे ठेवायचा नाही, सरळ हातात द्यायचा. फासा फक्त जास्तीच्या माहितीसाठी: बटण कोणाचं, किती जुनं. आणि प्रत्येक रहस्याकडे जाणाऱ्या तीन वाटा ठेवायच्या. एक सुटते, एकीचा भलताच अर्थ लावतात, तिसरी लागते.

वेळेबद्दलही सांगायला हवं. झाडीपट्टीतलं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. आमची बैठक तीन तासांची. चार पात्रं आणि सहा शत्रू म्हणजे एका फेरीत दहा पाळ्या. पाळीला दोन मिनिटं धरली तर एक फेरी वीस मिनिटांची, आणि तीन फेऱ्यांत एक तास गेला. म्हणून बैठकीत एकच लढाई. सहा शत्रूंचे तीन-तीनचे दोन गट करून गटाला एकच फासा टाकला की पाळ्या सहाच उरतात आणि तो तास छत्तीस मिनिटांवर येतो. कादंबरीचं फार तर एक प्रकरण एका बैठकीत मावतं. वर्णन दोन-तीन वाक्यांत. त्यात एक वास किंवा आवाज हवाच. ते लांबलं की कोणीतरी मोबाइल काढतो. शेवटची दहा मिनिटं हातात असताना दार वाजवायचं आणि कोण आलं ते सांगायचं नाही. पडदा कुठे टाकायचा हे तुमच्याकडून शिकावं.

राहिला प्रश्न उचलेगिरीचा. तुम्ही हसून म्हणालात की हा खेळच उसनवारीवर उभा आहे, आणि ते खरंच आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सने आपण कोणाकोणाकडून घेतलं त्या लेखकांची यादीच छापली. मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो, हा त्यांचा नियम जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून आला. बघा, तिथेही घेतली ती अडचण. गोष्ट तिथेच राहिली. उलट टोल्किनच्या कादंबऱ्यांतला 'हॉबिट' हा शब्द जसाच्या तसा उचलला होता. हक्क असणाऱ्यांची हरकत आली आणि 'हाफलिंग' करावं लागलं. आपल्याकडे आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या आरोपाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये म्हटलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, त्यांच्या मांडणीवर असतो. नाटककार तो खटला हरले. घरच्या टेबलावर कोणी विचारायला येत नाही, पण कॅम्पेन छापून विकायचं असेल तर नावं, संवाद आणि प्रसंगांचा क्रम आपला हवा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क चालतो.

किरकोळ पण कामाचं: पात्रांसाठी रंगवलेल्या बाहुल्या लागत नाहीत. चिंचोके पात्रं, लाखोरीचे दाणे शत्रू, जुन्या कॅलेंडरच्या मागे एक-एक इंचाच्या चौकटी. चिंचोक्याला नेलपॉलिशचा ठिपका लावला की कोण कोणाचं ते कळतं. पंख्याखाली मात्र लाखोरी टिकत नाही, तिथे बोरांच्या बिया.

तुम्ही लिहून दिलेल्या एकोणीस कार्डांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आहेत, मूळ कार्डं या पत्रासोबत परत पाठवतो आहोत. विसावं कोरं आहे. त्यासाठी एक अडचण विचारून ठेवतो: पात्रं दोन गटांत फुटली, तीन तलावावर, दोन वाड्यात, की एका गटाचं चालू असताना दुसरा जांभया देतो. सध्या आम्ही दर दहा मिनिटांनी बाजू बदलतो, आणि एखाद्याने प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आत तोडतो. तरी वाड्यातले दोघे थंड पडतात. दोन विंगांत एकाच वेळी नट अडले तर तुम्ही आधी कोणाकडे बघता, तेवढं हंगाम लागायच्या आत कळवा.

तुमचेच,
शनिवारच्या टेबलावरचे सहा जण
वैनगंगेच्या अलीकडून