नवा माइक सध्या घेऊ नकोस

प्रिय सुहास,

तुझ्या पॉडकास्टचे दोन्ही भाग हेडफोन लावून सलग ऐकले. बोलतोस छान, विषयही सोडत नाहीस. पण ‘कोणता माइक घेऊ?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: सध्या कोणताच नको. तुझा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, आणि तो दोष माइकचा नाही, खोलीचा आणि अंतराचा आहे. महागडा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणारा माइक, आणलास तर तो तेच मडकं आणखी बारकाईनं टिपेल.

आधी अंतर. तू माइकपासून साधारण ४० सेंटिमीटरवर बसत असावास. अंतर निम्मं केलं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. भिंतींवरून उलटून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ४० वरून १० सेंटिमीटरवर आलास तर खोलीच्या तुलनेत तुझा आवाज १२ डेसिबलनं पुढे येतो. एवढा फरक कुठलंही सॉफ्टवेअर नंतर काढून देत नाही. १० ते १५ सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा कमीच, अंतर धर. अगदी ओठांना टेकवू नकोस, नाहीतर खर्ज फुगतो आणि आवाज घुमायला लागतो.

जवळ आलास की ‘प, फ, ब, भ’ त्रास देतील. तोंडासमोर तळहात धरून ‘भरभर’, ‘फटाफट’ म्हणून बघ. जो झोत हाताला लागतो तोच माइकच्या पडद्यावर आदळून ‘धप्’ करतो. म्हणून माइक थेट तोंडासमोर न ठेवता ३० ते ४५ अंश बाजूला घे आणि त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याकडे वळव. झोत बाजूनं निघून जातो, आवाज तेवढाच मिळतो. पॉप फिल्टर (हा झोत अडवणारी जाळी) असेल तर माइकला चिकटवून नको, मध्ये चार बोटं जागा सोड.

आता खोली. एक टाळी वाजव. मागे ‘टण्ण’ अशी शेपटी राहिली तर उघड्या भिंती आणि फरशी बोलतायत. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवायच्या भानगडीत पडू नकोस, त्यानं काही होत नाही. पातळ फोमही फक्त वरचे सूर खातो, मडकं तसंच राहतं. जाड रजई, गादी, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट, हे खरं कामाचं. ते कुठे ठेवायचं यात बहुतेक जण चुकतात. माइक तुझ्याकडे तोंड करून असतो, म्हणजे तुझ्या पाठीमागची भिंत त्याच्या समोरच येते. तेव्हा पहिली रजई तुझ्या पाठीमागे टांग, दुसरी मिळाली तर माइकच्या मागे. टेबलावर जाड टॉवेल पसर. लाकडावरून उसळलेला आवाज थेट आवाजात मिसळला की तो पोकळ होतो.

पातळीबद्दल. पहिल्या भागात चौथ्या मिनिटाला तू खळखळून हसतोस, तिथे आवाज फाटलाय. त्या जागेचा आलेख मोठा करून बघ, लाटांची टोकं वस्तऱ्यानं तासल्यासारखी सपाट दिसतील. जे कापलं गेलं ते नंतर धडपणे परत मिळत नाही. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, असा ठेव की नेहमीच्या बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील; शून्याला आवाज कापला जातो. वरची जागा हसण्यासाठी. २४ बिटवर, म्हणजे हळू आवाजही बारकाईनं साठवणाऱ्या सेटिंगवर, रेकॉर्ड करतोस ना? मग आवाज थोडा कमी आला तरी काही बिघडत नाही.

दुसऱ्या भागात वेगळीच गंमत आहे. तू विचार करायला थांबलास की पंख्याची घरघर हळूहळू फुगत जाते, पुन्हा बोललास की विरते. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये कुठेतरी आपोआप पातळी सांभाळणारा पर्याय चालू राहिलाय. तो बंद कर, सोबतचं नॉइज सप्रेशन (गोंगाट आपोआप दाबणारा पर्याय) ही. आणि पंखाही, अर्थात. दर वेळी सुरुवातीला ३० सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड कर. काटछाट करताना भोकं पडतात, ती बुजवायला हीच शांतता लागते. ठार शून्य टाकलंस तर कानाला खड्डा जाणवतो.

पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर कॉलचा आवाज वापरू नकोस. दोघांनी आपापल्या बाजूला वेगळं रेकॉर्ड करायचं, हेडफोन लावून, कारण नाहीतर तुझा आवाज त्याच्या ट्रॅकमध्ये शिरतो. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे एकेक टाळी. शेवटची विसरू नकोस: दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत नसतात. दहा लाखात २० इतका फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात, आणि पाहुणा तुझ्या बोलण्यावर किंचित उशिरा हुंकार देतोय असं वाटायला लागतं.

एडिटिंगमध्ये हात आखडता घे. तू प्रत्येक ‘म्हणजे’ आणि ‘अं’ कापलायस, त्यामुळे काही वाक्यं धापा टाकतात. ‘म्हणजे’ पुढच्या शब्दाला चिकटून आलं असेल तर राहू दे. कापायचंच तर श्वासाच्या मधोमध नको. श्वास सुरू व्हायच्या आधी काप आणि जोडावर ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूच कमी-जास्त करणं) दे, म्हणजे टिकटिक येणार नाही.

मग क्रम असा: आधी घरघर कमी करायची, तीही ६ ते १० डेसिबलच, जास्त ओढलंस तर आवाज पाण्याखालून येतो. त्यानंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं. मग कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन, ३:१ वर (ठरावीक पातळीच्या वरचे ३ डेसिबल १ होतात), मोठ्या जागी ४ ते ६ डेसिबल दाबला जाईल इतपत. कंप्रेसर लावून आवाज वर घेतला की घरघरही वर येते, म्हणून ती आधी काढायची. सगळ्यात शेवटी लाउडनेस: स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला एकूण किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक), मोनोला, म्हणजे एकाच ट्रॅकला, उणे १९, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर नाही. मोनोला ३ नं कमी, कारण तोच आवाज दोन्ही स्पीकरमधून वाजतो. एकट्याच्या बोलण्याला ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) मोनो एमपीथ्री पुरते, अर्ध्या तासाचे सुमारे २१.६ एमबी होतात. मूळ वेव्ह (न दाबलेली) फाइल जपून ठेव. एमपीथ्रीवर पुन्हा एडिट करून पुन्हा एमपीथ्री केली की ‘स’ आणि ‘श’ खरखरायला लागतात.

आणि सुरुवातीचं ते ५० सेकंदांचं संगीत! १० सेकंद खूप झाले, आणि तू बोलायला लागलास की ते निदान १५ डेसिबल खाली गेलं पाहिजे.

तिसरा भाग करण्याआधी मला चाचणी पाठव. एकच परिच्छेद १०, २० आणि ४० सेंटिमीटरवरून वाच, गेनला हात न लावता. वेव्हच पाठव, आणि मेसेजमधून व्हॉइस नोट म्हणून नको, तिथे आवाज दाबला जातो. रजई टांगून एकदा, रजई काढून एकदा. मग माइकचं बोलू.

तुझा,
मंदार