पाडव्याचा संकल्प

बेंगळुरू, १५ मार्च २०२६

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

येत्या गुरुवारी, १९ मार्चला पाडवा. बुधवारी रात्रीच्या बसने निघून सकाळी गुढी उभारण्यापूर्वी वाईला पोहोचते आहे. त्याआधी एक गोष्ट लिहूनच कळवावी असे वाटले, कारण फोनवर ती मला नीट बोलता आली नसती.

गेल्या वर्षी एक जानेवारीला ‘आता तुम्हांला अधिक वेळ देईन’ असे मी म्हटले होते, आणि बाबा, तुमच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्याचे मला पट्टी निघाल्यावर कळले. तुम्ही सांगितले नाहीत याचे मला वाईट वाटले. परंतु सांगावे इतकी मी जवळ नव्हते, हे त्याहून खरे होते. तेव्हापासून माझे कुठे चुकते याचा विचार करताना मला तुमची पूजा आठवत राहिली. लहानपणी तो देशकालोच्चार मला फार लांबलचक वाटे: गोदावरीच्या दक्षिण तीरी, शालिवाहन शके अमुक, अमुक नाम संवत्सरे, मग अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, पुढे स्वतःचे गोत्र आणि नाव, आणि नेमके कोणते कर्म करणार ते सांगून झाल्यावरच तुम्ही ताम्हनात पाणी सोडत असा. कोण, कुठे, केव्हा आणि काय करणार, यांतले काहीही मोघम ठेवायचे नाही, ही त्यातली शिस्त मला आता कळते. माझ्या जानेवारीच्या संकल्पाला ना वार होता, ना वेळ.

म्हणून यंदा तसाच करते. बेंगळुरूही गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे, तेव्हा स्थळाचा उच्चारही बदलावा लागणार नाही. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, लॅपटॉप बंद करून, मी तुम्हांला फोन करीन. बाबा, यापुढे डोळ्यांच्या तपासणीची तारीख मला विचारूनच घ्यावी. त्या दिवशी मी तुमच्याबरोबर असेन.

आणि आई, तुझ्यासाठीचा संकल्प वेगळा आहे. शके १९४८ चे संवत्सर ‘पराभव’ नावाचे आहे, हे पंचांगात वाचून तू काळजीत पडलीस, असे बाबा म्हणाले. साठ संवत्सरांचे चक्र फिरून हेच नाव पुन्हा आले आहे. याआधी ते शके १८८८ मध्ये, म्हणजे १९६६ साली होते, आणि त्याच वर्षीच्या आषाढात तुझा जन्म झाला. ज्या संवत्सराने आम्हांला तू दिलीस, त्याच्या नावाला मी अशुभ कशी म्हणू? यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे तुझी तिथी जुलैच्या उत्तरार्धात येते. तेव्हाची दहा दिवसांची रजा मी मंजूर करून घेतली आहे. साठीची शांत करायची की नाही ते तू ठरव. मी मात्र ते दहा दिवस तुझ्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसणार आहे, कारण तुझ्या गोडा मसाल्याचे प्रमाण अजून कुठेही लिहिलेले नाही, आणि ‘अंदाजाने’ हे उत्तर या वेळी मी घेणार नाही.

बाबा, ताम्हन आणि पळी तुम्ही घासू नका. पोहोचल्यावर मी घासते. गुढीला नमस्कार करून झाला की तुमच्या शेजारी पाटावर बसेन. मंत्र तुम्ही सांगा, पाणी मी सोडीन.

तुमची,
ताई