खुब्याचा दांडा आणि मांडीचे हाड

महोदय,

खुब्याचा सांधा बदलायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘किती वर्षे टिकेल?’ दुसरा, गोळा धातूचा की सिरॅमिकचा? नऊ वर्षांपूर्वी मीही एवढेच विचारले होते. मांडीच्या हाडात ठोकून बसवतात त्या दांड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. परवा डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावला, तेव्हा दांड्याच्या वरच्या टोकाजवळचे हाड विरळ झालेले मलाही दिसले. दुखत मात्र काहीच नव्हते.

हाडावर भार पडत राहिला तर ते टिकते, नाही तर शरीरच ते हळूहळू काढून घेते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे मांडले. आता ताठरपणा बघा, तो गिगापास्कलमध्ये मोजतात. हाडाच्या टणक कवचाचा साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर! असा दांडा भार स्वतःच उचलतो, खाली नेऊन सोडतो आणि वरचे हाड रिकामे बसते. त्यात जाडीचा हिशेब वेगळाच. भरीव गोल दांडा दुप्पट जाड केला, की तो वाकायला १६ पट अवघड. हाड धरून ठेवणारा खरखरीत लेप दांड्याला पूर्ण लांबीभर आहे की फक्त वरच्या भागात, यावरही भार कुठे उतरणार ते ठरते.

म्हणून आखूड, सडपातळ दांडाच सगळ्यांना बसवा, असे मी म्हणणार नाही. उतारवयातल्या ठिसूळ हाडात सिमेंटने बसवलेला दांडाच अनेकदा सुरक्षित, कारण ठोकताना हाड तडकण्याची भीती कमी. शिवाय हाड खाणारे दुसरे कारण, गोळा जिच्यात फिरतो त्या वाटीत असते. तिच्या प्लॅस्टिकचे झिजलेले बारीक कण पेशींना चिथवतात. पूर्वी याचा दोष सिमेंटवर टाकत!

आपल्या आरोग्य पुरवणीत शस्त्रक्रियेच्या कौतुकाबरोबर हेही यावे. दुखत नसले तरी ठरल्या वेळी एक्स-रे काढावा आणि शस्त्रक्रियेनंतरचा पहिला जपून ठेवावा. माझा ट्रंकेत सापडला, म्हणून तुलना झाली. दांड्याचा प्रकार आणि माप लिहिलेले स्टिकरही हवे, कारण पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर सर्जन आधी तेच मागतात. माझ्या फाइलमध्ये ते नाही.

– एक वाचक