दाराजवळून दिसलेले प्रेक्षक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आमच्या चित्रपट मंडळाच्या ‘शिंडलर्स लिस्ट’च्या खेळाविषयी एका वाचकांचं पत्र आलंय. मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं भर सिनेमात हसली आणि शेवटी सगळं सभागृह हुंदके देत असताना कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली, सबब या पिढीचं काळीज दगडाचं आहे, असा निकाल त्यांनी दिला आहे. त्या खेळाला मीही होतो. गेली २२ वर्षं मंडळाच्या प्रत्येक खेळाला दाराजवळ टॉर्च घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे आहे. तिथून पडदा तिरका दिसतो आणि प्रेक्षक सरळ समोर. नाझींच्या तावडीतून अकराशेच्या आसपास ज्यूंना यादी करून वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन कारखानदाराचा, सव्वातीन तासांचा हा सिनेमा मी आजवर चार वेळा असा उभ्यानं पाहिलाय, तेव्हा चार ओळी लिहिण्याचा हक्क पोचतो असं वाटतं. चाराच्या चाळीस झाल्या तर खुशाल कात्री लावा.

मुलं हसली हे खरं. कुठे हसली ते मात्र पत्रात नाही, म्हणून मी सांगतो. नाझी छावणीचा कमांडंट आमोन गोएथ एका कारागिराला बिजागरी बनवायला लावतो आणि घड्याळ लावून बसतो. बिजागरी मिनिटाच्या आत तयार होते. मग सकाळपासून एवढ्याच कशा झाल्या, असं विचारून तो त्याला बाहेर नेतो, गुडघ्यावर बसवतो आणि डोक्यामागे पिस्तूल धरतो. चाप ओढला की नुसता खट्ट आवाज. पुन्हा ओढतो, पुन्हा खट्ट. दुसरे अधिकारी गोळा होतात आणि पिस्तुलात काय बिघडलं यावर मेकॅनिकसारखी चर्चा सुरू करतात. गोएथ दुसरं पिस्तूल काढतो, तेही चालत नाही. तो माणूस तसाच खाली मान घालून बसलेला. या जागी हसू फुटतं, आणि चारही खेळांना फुटलेलं मी ऐकलंय. एकदा तर पहिल्या रांगेतल्या सत्तरीच्या बाईंना फुटलं होतं. त्यांनी लगेच पदर तोंडावर धरला आणि मध्यंतरापर्यंत काढला नाही. रोखून धरलेला श्वास कुठून तरी बाहेर पडणारच. कुणाचा रडण्यातून पडतो, कुणाचा असा. कॉलेजच्या मुलांकडे पदर नसतो, एवढाच काय तो फरक.

हा वाद नवा नाही. जानेवारी १९९४मध्ये अमेरिकेत, ओकलंड शहरातल्या एका हायस्कूलची साठ-सत्तर मुलं हाच सिनेमा बघायला नेली होती. ती हसली, बाकीच्या प्रेक्षकांनी तक्रार केली, खेळ थांबवून मुलांना बाहेर काढलं गेलं आणि त्याची देशभर बातमी झाली. पुढे खुद्द दिग्दर्शक स्पीलबर्ग त्या शाळेत जाऊन मुलांशी बोलले. आमच्या मुलांशी अजून कुणीच बोललेलं नाही. त्यांच्यावर पत्र तेवढं छापून आलं.

पण माझा खरा मुद्दा हसण्याचा नाही. दारात उभं राहून मला ज्या आवाजाची धास्ती बसलीय तो आवाज वेगळाच आहे. शिंडलरच्या यादीतल्या बायकांची गाडी चुकून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत जाते. त्यांचे केस कापतात, कपडे उतरवून एका मोठ्या खोलीत कोंडतात. वर छताला नळ. दिवे जातात, किंकाळ्या उठतात. आणि मग त्या नळांतून विषारी वायूऐवजी खरोखरचं पाणी येतं. त्या क्षणी सभागृहातून जो सुस्कारा निघतो तो लिहून दाखवता येणार नाही. खुर्च्या करकरतात. कुणी रुमाल काढतं, कुणी शेजारच्याचा हात सोडतं, कुणी पाण्याची बाटली उघडतं. सुटलो बुवा! अगदी घरचं माणूस ऑपरेशन थिएटरमधून सुखरूप बाहेर यावं तसं.

आणि बरोबर याच वेळी पडद्यावर त्या बायका बाहेर येतात, तर समोरून आणखी एक रांग चाललेली असते. म्हातारी माणसं, बायका, मुलं. ती रांग पायऱ्या उतरून एका इमारतीत जाते आणि वर चिमणीतून धूर निघत असतो. काही सेकंदांचं दृश्य आहे. चार खेळांत मिळून पाचेकशे माणसं मी पाहिली असतील. त्यातली बहुतेक त्या सेकंदांत चष्मा पुसत होती, नाक शिंकरत होती. मी स्वतः पहिल्या दोन खेळांना ती रांग पाहिली नव्हती. तिसऱ्यांदा दिसली आणि टॉर्चचं बटण दाबलं गेलं माझ्याकडून. उजेड एकदम समोरच्यांच्या तोंडावर गेला, शिव्या खाल्ल्या.

आउश्वित्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातली १० लाखांच्या आसपास ज्यू होती. ती सगळी त्या दुसऱ्या रांगेतली. शिंडलरच्या यादीत होती साधारण ११०० नावं. सिनेमा या अकराशेंचा आहे हा काही त्याचा गुन्हा नव्हे. वाचलेल्यांचीच गोष्ट सव्वातीन तास बघवते. पण आपला सुस्कारा कुणासाठी निघाला आणि त्या आवाजात कोण निघून गेलं, हे पाहायला नको का? लाल कोटातल्या मुलीचंही तेच. काळ्या-पांढऱ्या सिनेमात उठून दिसणारा तो रंग. ती दुसऱ्यांदा, प्रेतांच्या हातगाडीवर दिसते, तेव्हा ‘तीच ना ती?’ अशी कुजबुज ठरलेली. त्या गाडीवर आणखी कोण होतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

पत्रलेखक ज्या हुंदक्यांबद्दल लिहितात ते शेवटी येतात. युद्ध संपलंय, शिंडलर निघालाय आणि आपली मोटार विकली असती तर आणखी दहा माणसं वाचली असती, कोटावरची सोन्याची पिन विकली असती तर निदान एक तरी, असा हिशेब करत तो कोसळतो. इथे सभागृह फुटतं. मलाही भरून येतं, खोटं कशाला बोलू? पण जरा थांबून बघितलं तर सव्वातीन तासांत आपण सर्वांत मोठ्यानं रडलो ते एका जर्मन कारखानदाराबरोबर. त्याला घेरून उभ्या असलेल्या माणसांनी आई-बाप आणि पोरं गमावलेली असतात, त्यांच्याकडे बघून एवढा आवाज होत नाही. यात दोष कुणाला द्यावा ते मला कळत नाही, मात्र न रडणाऱ्याला तो नक्की देऊ नये.

माझंच सांगतो. पहिल्या खेळाला माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सहा-सात आठवडे उलटले. मुलगी होस्टेलला निघाली होती आणि मी तिच्या सुटकेसवर जाड स्केचपेननं नाव घालत होतो. ‘ठळक लिहा हो बाबा, गर्दीत सापडली पाहिजे,’ ती म्हणाली. नावाचं दुसरं अक्षर काढताना मला फलाटावरच्या बॅगा आठवल्या. सिनेमात लोकांना सांगतात, सामानावर नावं नीट लिहा, मागाहून पोचेल. गाडी सुटते आणि बॅगा आतल्या खोलीत नेऊन उपसतात. चपला एकीकडे, फोटो एकीकडे, चांदीची भांडी एकीकडे, आणि जवाहिऱ्यापुढे माणसांचे सोन्याचे दात ओततात. तशा नावं घातलेल्या खऱ्या बॅगा आउश्वित्झच्या संग्रहालयात आजही काचेमागे आहेत. मी पेन खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. पोरीला वाटलं, ती जाणार म्हणून. मी तसंच वाटू दिलं. त्या दिवशी मला कोणी सभागृहात कोरड्या डोळ्यांचा म्हणून पकडलं असतं तर?

आता १९७९ची गोष्ट. त्या वर्षी जानेवारीत पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर ‘होलोकॉस्ट’ नावाची, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरची अमेरिकन मालिका चार रात्री दाखवली. मालिका तशी फिल्मीच. अमेरिकेत ती आधी जाहिरातींसकट दाखवली गेली होती आणि आउश्वित्झमधून वाचलेले लेखक एली विझेल यांनी तिच्यावर कडक टीका केली होती. तरीही जर्मनीत सुमारे २ कोटी लोकांनी तिचा निदान एक भाग पाहिला. मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची व्यवस्था. प्रत्येक भाग संपला की स्टुडिओत इतिहासाची जाणकार मंडळी बसायची आणि प्रेक्षकांचे फोन घ्यायची. हजारो फोन आले. कुणी रडत होतं, कुणी हे सगळं खोटं म्हणून भांडत होतं, कुणी माजी सैनिक आपण काय पाहिलं ते पहिल्यांदाच सांगत होते. नाझी काळातल्या खुनांवर खटले भरायची मुदत त्या वर्षअखेर संपणार होती. तिच्यावरचा वाद आधीपासून चालू होता, पण ३ जुलैला संसदेनं २५५ विरुद्ध २२२ मतांनी खुनासाठी ती मुदतच काढून टाकली, त्यामागे या चार रात्रींचा वाटा होता असं बरेच जण मानतात.

आमच्याकडे काय होतं? श्रेयनामावली सरकायच्या आत दिवे लागतात. लोकांचे डोळे अजून ओले, नाकं लाल, आणि एक गृहस्थ माइक घेऊन ‘मी निःशब्द झालो आहे’ असं म्हणून पंचवीस मिनिटं बोलतात. मग विचारतात, ‘कसं वाटलं?’ काय सांगणार? ‘सुन्न झालो’ म्हणायचं आणि चपला शोधायच्या. मी मंडळाचाच माणूस आहे, त्यामुळे हे माझ्याही पदरात घाला.

त्या दिवशी जिन्यात हसणाऱ्यांपैकी एक मुलगा माझ्याजवळ थांबला. ‘काका, ज्यांची नावं यादीत नव्हती त्यांचं काय झालं?’ मला धड सांगता येईना. ‘बघून सांगतो,’ म्हटलं आणि त्याचा फोन नंबर तिकिटाच्या पाठीवर घेतला. नंतर वाचनालयात बसून काढलं ते असं. पोलंडमधल्या क्राकूव शहरात युद्धाआधी साठ हजारांवर ज्यू राहत होते. मार्च १९४३मध्ये तिथली बंदिस्त वस्ती उठवली, तेव्हा जे धडधाकट ठरले ते प्वाशुवच्या, म्हणजे गोएथच्याच छावणीत गेले, बाकीच्यांतल्या अनेकांना तिथल्या तिथे रस्त्यात मारलं, उरलेल्यांना आउश्वित्झला पाठवलं. प्वाशुवमध्ये १९४४च्या मध्याला वीस हजारांवर कैदी होते. त्या मेमध्ये लहान मुलं आणि आजारी धरून सुमारे १४०० जणांना आउश्वित्झला नेलं. पुढे छावणी मोडत आणली तसे उरलेले आउश्वित्झ, माउटहाउझेन अशा ठिकाणी वाटले गेले. वीस हजारांतून अकराशे वजा करा, असं मी त्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, ‘चौदाशेमधली मुलं किती होती?’

ते मी अजून शोधतोय. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तो आणि त्याचे तिघे मित्र मंडळाच्या खोलीत येणार आहेत. इतिहास शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंनीही यायचं कबूल केलंय. माइक नसेल. पत्रलेखकांनी जरूर यावं, त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. दाराशी मीच असेन.

आपला,
टॉर्चवाला
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)