मंत्री महोदया, त्या व्यासपीठावर तुम्ही काय बोलणार?

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदया, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे तुमच्याच खात्याची. लेकरांची वजनं घेणं, गरोदर बायांच्या घरी जाणं, किशोरवयीन मुलींची बैठक घेणं हे माझं काम. त्या बैठकीत मी मुलींना सांगते की पाळी म्हणजे विटाळ नाही, शरीराचं काम आहे. त्या दिवसांत शाळा बुडवू नका, गोठ्याजवळ निजू नका, पोटभर जेवा. हे माझ्या मनचं नाही. सरकारनंच आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आहे.

आमच्या गावात दरवर्षी भागवत सप्ताह होतो. मागच्या खेपेला बाहेरगावचे एक कथाकार आले होते. चौथ्या दिवशी रात्री त्यांनी बाईच्या धर्मावर बोलायला घेतलं. पाळीतल्या बाईनं चुलीला हात लावला तर त्या घरातली लक्ष्मी निघून जाते, पाऊस रुसतो, आणि अशी पोर घरात मोकळी फिरू देणारी आई पापाची धनी होते, असं ते भोंग्यावरून बोलले. पुढे बसलेल्या नववी-दहावीच्या मुलींनी माना खाली घातल्या. एक माझ्याकडे पाहत होती. मी उठले नाही. दोन हजार माणसांच्या मंडपात उठायचं धाडस मला झालं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

पण हे पत्र त्या कथाकारांसाठी नाही. त्या रात्री व्यासपीठावर आमचे लोकप्रतिनिधी बसले होते. कथा संपल्यावर त्यांनी महाराजांना शाल-श्रीफळ दिलं, पायावर डोकं ठेवलं, सभामंडपासाठी निधीही जाहीर केला. झालेल्या बोलण्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढच्या किशोरी बैठकीला निम्म्याहून कमी मुली आल्या. एकीच्या घरी विचारायला गेले, तर तिची आई म्हणाली, "महाराज खोटं बोलतीन का वो ताई? सायबायनं त त्याइचे पाय धरले." मी काय उत्तर देऊ? माझ्याकडे एक रजिस्टर आणि एक तक्ता आहे. त्यांच्याकडे भोंगा होता, आणि शेजारी सरकार बसलं होतं.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. २०१६ साली उच्च न्यायालयानं १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याकडे बोट दाखवल्यावर शनिशिंगणापूरचा चौथरा बायांना खुला झाला. लगेच द्वारकापीठाचे तेव्हाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती म्हणाले की बायांनी शनीची पूजा केली तर बलात्कार वाढतील. २०२० साली कीर्तनकार इंदुरीकर महाराजांचं सम-विषम तिथीला मुलगा-मुलगी होण्याचं वक्तव्य गाजलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली खटला उभा राहिला, सत्र न्यायालयानं तो रद्द केला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तो पुन्हा चालू केला. कोर्टाचं कोर्ट बघेल. पण मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, तिथीवर नाही, हे सांगत मी दारोदार फिरले आहे. तीन मुलींवर चौथ्यांदा दिवस राहिलेली, रक्त कमी असलेली बाई समोर बसलेली असते, तेव्हा कुणाचं एक वाक्य किती महाग पडतं ते मला दिसतं.

कुणी म्हणेल, ही बाई धर्माच्या विरोधात आहे. मी नाही. कीर्तन माझ्या कानात लहानपणापासून आहे. गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याचे. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारायचे की देवापुढं बोकड कापता, कर्ज काढून लग्न करता, मग लेकरांना शाळेत का घालत नाही? तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्याही सातशे वर्षं आधी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी बायांना संन्यासाचा मार्ग मोकळा केला, पाळीचा विटाळ मानला नाही. नाकाडोळ्यांतून मळ येतो तसाच हा शरीराचा स्राव, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या शिष्या महदंबा, मराठीच्या आद्य कवयित्री, आमच्या रिद्धपूरला राहिल्या. जे बोलायला मी आज घाबरते, ते आमच्याच मातीत तेराव्या शतकात बोलून झालेलं आहे.

आमच्या तालुक्यातलं रावेरी तुम्हाला ठाऊक असेल. तिथं सीतामाईचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. जुन्या बाया सांगतात की टाकून दिलेली सीता इथं बाळंत झाली, तिनं गावाकडं पसाभर गहू मागितला, कुणी दिला नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि बाईच्या नावावर जमीन लिहून द्या म्हणून लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली. अजूनही आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा सुरू करताना सीतादही करतात. वावरात बाईच पूजा करते, दहीभात ठेवते. ही आमची भक्ती आहे. तिच्यात बाई अपवित्र नाही.

आणि ज्यांचे नवरे कर्जापायी गेले, त्या बायांचं काय? यवतमाळ जिल्ह्यात हे मी वेगळं सांगायला नको. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी कलशयात्रा निघते, तेव्हा डोक्यावर कलश घ्यायला सवाष्णी पाहिजेत असं भोंग्यावरून पुकारतात. माझ्या शेजारची बाई दारात उभी राहून ती यात्रा बघते. वर्गणीचे पाचशे रुपये तिनं दिलेले असतात, दुसऱ्याच्या वावरात वेचा करून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. आमच्या ग्रामपंचायतीत ते परिपत्रक फाइलीला लागलं आहे. त्याचा कायदा करा, एवढी माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट मुलगा-मुलगीच्या वक्तव्यांची. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या कलम २२ मध्ये लिंगनिवडीच्या जाहिरातीला, प्रचाराला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कुठल्या मंडपात मुलगा होण्याचे उपाय सांगितले जात असतील, तर तक्रार करायला आमच्यासारखीला पुढं यायला लावू नका. मला त्याच गावात राहायचं आहे, त्याच घरी वजनकाटा घेऊन जायचं आहे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी आपणहून दखल घ्यावी, असं तुम्ही आरोग्य खात्याशी बोलून ठरवा.

तुम्ही सप्ताहाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर या. लोक येतात तिथं मंत्र्यांनीही यावं. फक्त हार घेऊन खाली बसू नका. माईक मागा. तुमच्या खात्याची सेविका मुलींना जे सांगते, ते खरं आहे, एवढं त्या व्यासपीठावरून सांगा. तुमच्या तोंडून एकदा निघालं की माझं वर्षाचं काम हलकं होईल.

आमचा सप्ताह माघात असतो. समितीचे लोक दरवेळी मुंबईला निमंत्रण पाठवतात, यंदाही पाठवतील. काल्याच्या दिवशी मी पुढं बायांमध्ये बसलेली असेन. बैठकीला यायच्या बंद झालेल्या मुलींनाही सोबत आणीन.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ