सोनू, त्या ब्लॉकला हो म्हण

सोनू,
भूलतज्ज्ञांनी पोटाला दोन्ही बाजूंनी टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाची भिंत बधिर करायचं इंजेक्शन, देऊ का विचारलं आणि तू नंतर सांगते म्हणून आलीस, हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहितेय, नीट वाच.

फायब्रॉइडचं, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींचं, ओपन ऑपरेशन म्हणजे ओटीपोटावर आडवा छेद. तिथल्या कातडीचं, स्नायूंचं दुखणं ज्या नसा मेंदूपर्यंत नेतात त्या पोटाच्या भिंतीतल्या तीन थरांपैकी आतल्या दोन थरांच्या मधून जातात. टॅप ब्लॉक म्हणजे तिथेच बधिर करायचं औषध सोडायचं, बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन. २००१ मधे डॉ. रफींनी ही पद्धत मांडली तेव्हा सुई हाताच्या अंदाजाने घालायची असायची, आता सोनोग्राफीवर सुई दिसते, औषध थर बाजूला सारत पसरताना दिसतं. मी ऑपरेशन थिएटरमधे असताना ते स्क्रीनवर कितीदा बघितलंय. बहुतेकदा तू भुलीतच असशील, तुला टोचलेलं कळणारसुद्धा नाही.

पण एक नीट समजून घे, गर्भाशयाच्या आतून येणाऱ्या कळा या ब्लॉकने थांबत नाहीत, त्यामुळे थोडं दुखलं की ब्लॉक फेल गेला असं समजू नकोस. पॅरासिटामॉल वगैरे चालूच राहणार. आणि औषधाचा असर साधारण अर्धा दिवस ते एक दिवस, मग तो उतरतो आणि नेमका बऱ्याच जणींचा रात्री उतरतो. तेव्हा आत्ता कुठे दुखतंय म्हणून गोळी टाळायची नाही, वेळ झाली की घ्यायची.

बायकांनी सोसायचंच असतं, हे मला आयुष्यात कधी पटलं नाही गं. दुखत असलं की पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, अंथरुणातून उठत नाही, पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती वाढते. आणि सगळं दुखणं ट्रामाडॉल नाहीतर मॉर्फिनसारख्या जड औषधांवरच भागवलं तर मळमळ, गुंगी, आतडी सुस्त, आणि ताज्या टाक्यांवर उलटीचा उमाळा किती वाईट ते मी बघितलंय. ब्लॉकमुळे ती औषधं कमी लागतात, मला तेच हवंय, तू दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधे चालायला हवीस. खोकताना पोटावर उशी दाबून धर.

धोका अगदीच नाही असं नाही. औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर ओठांना मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, पुढे फिटही येऊ शकते, म्हणून डोस वजनावर ठरवतात आणि उतारा म्हणून लिपिडचं इंजेक्शन जवळ ठेवतात. ते आहे ना, बिनधास्त विचार, डॉक्टर रागावत नाहीत. अजून एक विचार, स्पायनलमधे, म्हणजे पाठीतून देतात त्या भुलीत, मॉर्फिन घालणार आहेत का? सिझेरियनमधे तसं केलं तर ब्लॉकचा वेगळा फायदा फारसा दिसत नाही, मग ते काय म्हणतात ते ऐक.

मी आदल्या दिवशी ठाण्याहून वाशी लोकल पकडून घणसोलीला येते, डबा आणू नको म्हणू नकोस, जावईबापूंना लागेल. तू उद्याच भूलतज्ज्ञांना फोन कर, कुठल्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आलेली, रक्त पातळ व्हायची कुठली गोळी चालू आहे ते सांग, आणि वजन आजचं करून सांग, मागच्या वर्षीच्या रिपोर्टवरचं नको.

तुझी आई